टाकीतला मैला पावडरीने विरघळेल का?

प्रश्न: आमची सेप्टिक टाकी 3000 लिटरची आहे. घरात सहा माणसं, संडास-मोरीचं सगळं पाणी तिच्यातच जातं. 9 वर्षांत ती एकदाही उपसलेली नाही आणि आता संडास तुंबायला लागलाय. दुकानदार म्हणतो बॅक्टेरियाची पावडर टाका, सासूबाई म्हणतात शेण कालवून ओता. काय करू?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर: ताई, दोन्ही नको. टाकी उपसून घ्या.

माझी नोकरी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर झाली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जिवाणूला तोंड नसतं. मैल्याचा कण त्याला गिळता येत नाही. तो कणाला चिकटतो, अंगातून एन्झाइम बाहेर सोडतो आणि कण बाहेरच्या बाहेर तोडतो: प्रथिनांची अमिनो आम्लं, स्टार्चची साखर, चरबीची मेदाम्लं. एवढं बारीक झालं की मगच ते त्याच्या पोटात शिरतं. पुढे आम्लं आणि मिथेन होणं त्या मानाने भरभर उरकतं. घट्ट मैल्याच्या बाबतीत सगळं अडतं ते या पहिल्या तोडणीपाशी. आणि तोडणी फक्त कणाच्या पृष्ठभागावर होते. खडीसाखर पिठीसाखरेपेक्षा उशिरा विरघळते, तसंच हे. पृष्ठभाग एकदा जिवाणूंनी व्यापला की वरून आणखी जिवाणू ओतून वेग वाढत नाही. शिवाय मैल्याबरोबर ते रोज फुकट येतच असतात, आणि कोकणातली ऊबही त्यांना मानवते. मग पावडरीवर पैसे कशाला घालवायचे?

शेणाने तर भरच पडेल. त्यातल्या चोथ्यात लिग्निन, म्हणजे झाडाच्या काष्ठाला घट्टपणा देणारं द्रव्य, असतं आणि हवा नसलेल्या टाकीत ते जवळजवळ तुटत नाही. केस, वाळू, सॅनिटरी पॅडचं प्लास्टिक यांचंही तेच.

म्हणून टाकी कितीही चांगली चालली तरी गाळ उरतोच. सगळं सांडपाणी जाणाऱ्या टाकीचा ढोबळ हिशोब माणशी वर्षाला 40 लिटर. तुमच्याकडे 6 × 40 × 9, म्हणजे 2160 लिटर. पाण्याला थांबायला फारशी जागा उरली नाही, आणि न थांबलेल्या पाण्याबरोबर मैला पुढे शोषखड्ड्यात जातो. खड्ड्याची माती एकदा चोंदली की नवा खड्डा खणावा लागतो, तेव्हा वाट पाहू नका. तुमच्या टाकीला साधारण 3 वर्षांची पाळी योग्य. वाई आणि सिन्नर नगरपालिकांनीही घरोघरच्या टाक्या ठरावीक पाळीने उपसण्याची पद्धत घातली आहे.

मैला उपसणारा व्हॅक्यूम टँकरच बोलवा. एखादा मजूर कमी पैशांत आत उतरायला तयार झाला तरी त्याला उतरू देऊ नका. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. 2013च्या कायद्याने असं काम करून घेणं हा गुन्हा आहे. झाकण उघडलं की जवळ काडी किंवा विडी पेटवू देऊ नका. वर आलेल्या वायूत मिथेन असतो.