सणाला कोण काय म्हणेल?

मी समुपदेशन करते. डिसेंबर लागला की एक ठरावीक तक्रार माझ्याकडे यायला लागते आणि फेब्रुवारीत नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा होईपर्यंत ती थांबत नाही. "मॅडम, सण आला की पोटात गोळा येतो." सांगणाऱ्या बहुतेक नोकरी करणाऱ्या बायका. घर दोन खोल्यांचं आणि पाहुणे वसईपासून श्रीरामपूरपर्यंतचे. दिवाळीआधीही हेच ऐकते म्हणा. पण कॅथलिक घरांत मध्यरात्रीच्या मिस्सावरून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेवरून येऊन सकाळी पुन्हा गॅससमोर उभं राहावं लागतं.

एलिझा (नाव बदललंय) पहिल्या दिवशी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर यादी घेऊन आली. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, केक, मटण, पुलाव. बोलताना ती पानाची घडी नखाने पुन्हा पुन्हा दाबत होती.

"मागच्या नाताळात काय कमी पडलं?"

"काहीच नाही."

"मग कोणी नावं ठेवली?"

"तोंडावर नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "आईंना साधं चालणार नाही."

आई म्हणजे सासूबाई. आता माझी पद्धत अशी की, त्रास एका माणसाचा असला तरी मी अख्ख्या घराकडे बघते. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. मला मात्र इतक्या वर्षांत त्याचा पस्तावा झालेला नाही. चार भेटींनंतर सासूबाईंना बोलावलं. त्या सुनेची यादी हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या.

"अगं, हे माझ्यासाठी? मला वाटायचं तुलाच हौस आहे. तू हिरमुसशील म्हणून मी गुडघे दुखत असताना लाटायला बसते."

एलिझा आधी हसली, मग रडली. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हेच आमचं निम्मं काम. दोघी वर्षानुवर्षं एकमेकींच्या समजुतीखातर राबत होत्या आणि एकीनेही दुसरीला विचारलं नव्हतं. मी हे कित्येक घरांत पाहिलंय. दडपण पाहुण्यांचं वाटतं, पण ते घरातल्याच न बोललेल्या एखाद्या वाक्याचं असतं.

"गावी काय करायचो आम्ही?" सासूबाई पुढे म्हणाल्या. "मिस्सा झाली की सगळे आमच्या ओट्यावर. चहा, एकेक करंजी, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायची की चालले घरी."

दिवस बदलायचं त्यांनीच सुचवलं. नाताळ २५ तारखेला संपत नाही, त्याची अष्टाह, म्हणजे आठ दिवसांचा सण, १ जानेवारीपर्यंत असते आणि मधल्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो. (२५ तारीखच रविवारी आली तर तो ३० डिसेंबरला असतो.) सगळ्या नातेवाइकांना त्या दिवशी बोलवायचं आणि २५ तारीख घरच्यांपुरती ठेवायची. माझ्या डोक्यात हे कधीच आलं नसतं.

तेव्हापासून मी इतरांनाही सांगते, आधी चर्चचं पंचांग बघा. १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा (येशूची आई मरिया स्वर्गात घेतली गेली त्याचा) सण आणि झेंडावंदन एकाच दिवशी येतं, सुट्टीही असते, मग संध्याकाळी चहावर बोलवा. जेवणाचा घाट कशाला? ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, ५० दिवस चालतो, त्यामुळे ज्यांना ईस्टरच्या रविवारी जमत नाही त्यांनी पुढचा रविवार घ्यावा. एकच पदार्थ घरचा करा, ज्याचा वास आला की मुलांना सण आला असं वाटेल. बाकी विकत आणा. नाशकात राहून चिवडा घरी करायचा हट्ट म्हणजे कमालच! आणि येणाऱ्याने "काय आणू?" विचारलं तर "काही नको" म्हणू नका. "भात आण" म्हणा. काहीतरी घेऊन आलेला माणूस आपणहून ताटं उचलतो, हे मी ठामपणे सांगते.

प्रार्थना मात्र जेवणाआधी. जेवणं झाली की पुरुष मंडळी लवंडतात आणि मुलं मोबाइलमध्ये जातात. शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा उतारा घरातल्या सगळ्यांत लहान वाचता येणाऱ्याला द्या, तो अडखळला तरी चालेल.

एलिझाची नणंद अजून कुरकुरते, "पूर्वीसारखं काही राहिलं नाही." मी म्हटलं, कुरकुरू दे. पुढच्या ईस्टरला मटण तिच्याकडे लावलंय, आणि ती हो म्हणाली आहे.