टोपी परत बसते, पण म्हणून नळी परत बंद होते का?

मागच्या वेळी या सदरात प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू न देणारं द्रव्य) नसलेल्या आय ड्रॉप्सबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की ते छोट्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये येतात आणि नळी एकदा उघडली की वापरून टाकून द्यायची असते. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आले की हा सगळा भाग त्यालाच दिलाय. सगळ्यांचा मूळ मुद्दा जवळपास एकच आहे, उरलेल्या औषधाचं आणि उरलेल्या नळ्यांचं करायचं काय.

प्रश्न : आईला कोरड्या डोळ्यांसाठी ०.४ मिलीच्या नळ्या दिल्यात, दिवसातून चार वेळा. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला तरी नळी अर्ध्याहून जास्त भरलेली राहते. तोडलेली टोपी उलटी करून बसवली की अगदी घट्ट बसते, एक थेंब सांडत नाही. मग तीच नळी रात्रीपर्यंत पुरवली तर काय बिघडलं? टाकून द्यायला जिवावर येतं.

जिवावर येणारच, कारण हिशेब केला तर एक थेंब साधारण ०.०३ ते ०.०५ मिलीचा असतो, म्हणजे त्या नळीत आठ-दहा थेंब आरामात असतात आणि आपण वापरतो दोन. पण इतक्या छोट्या नळीतून दाबल्यावर थेंब नीट पडायला आत थोडं जास्तीचं औषध लागतंच, ते पुढच्या वेळेसाठी म्हणून भरलेलं नसतं.

आता टोपीचं. ती घट्ट बसते हे खरंय, पण ती अडवते काय ते बघा, आतलं बाहेर येणं अडवते. बाहेरचं आत जाणं तर त्याआधीच होऊन गेलेलं असतं. नळी दाबली की थेंब बाहेर पडतो आणि बोट सैल केलं की दबलेलं प्लास्टिक परत फुगतं, फुगताना हवा आत ओढतं, आणि त्या हवेबरोबर टोकावर जे काही लागलेलं असेल, पापणीला टेकलं असेल तर अश्रू, बोट लागलं असेल तर बोटावरचे जंतू, ते सगळं आत जातं. मग आपण टोपी बसवतो, म्हणजे जंतूंना आत घेऊन दार लावून घेतो. साध्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह असतं, बहुतेक वेळा बेन्झाल्कोनियम क्लोराइड, ते अशा आत गेलेल्या जंतूंना वाढू देत नाही. या नळीत ते मुद्दाम घातलेलं नसतं, कारण दिवसातून अनेकदा आणि महिनोन्‌महिने ड्रॉप्स घालणाऱ्यांच्या बुबुळाच्या वरच्या थराला तेच प्रिझर्व्हेटिव्ह त्रास देतं. म्हणजे आईच्या डोळ्यांसाठी जे चांगलं आहे तेच उघड्या नळीसाठी धोक्याचं आहे, दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात.

तरीही सरसकट नाही म्हणत नाही, कारण काही कंपन्या परत लागणारी टोपी मुद्दाम देतात आणि पॅकवर स्पष्ट लिहितात की उघडल्यापासून १२ तासांत वापरा, काही ठिकाणी २४ तासही असतात. तसं लिहिलेलं असेल तर तेवढंच करा, त्याच माणसासाठी, टोक कुठेही न टेकवता. आणि लिहिलेलं नसेल तर टोपी कितीही छान बसो, उरलेलं टाकून द्या. आईचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल किंवा डोळ्याला जखम असेल तर मी १२ तासांच्या नळीलाही हात लावणार नाही, दर वेळी नवीन.

प्रश्न : खोक्यात चकाकणारी पाकिटं असतात आणि प्रत्येकात पाच नळ्यांची पट्टी. मी सगळी पाकिटं एकदम फाडून नळ्या एका डबीत काढून ठेवते, पर्समध्ये सोयीचं पडतं. चालेल ना?

नका हो करू असं, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. मी स्वतः पॅकेजिंगच्या कामात बरीच वर्षं काढली आणि लोक सगळ्यात आधी फेकतात ते हे पाकीट, आणि खरं रक्षण तेच करत असतं.

नळी कशी बनते ते सांगतो म्हणजे पटेल. एकाच मशीनमध्ये प्लास्टिकचे दाणे वितळवून त्याची गरम नळी काढतात, साच्यात आकार देतात, लगेच औषध भरतात आणि वरचं तोंड तिथल्या तिथे वितळवून बंद करतात, सगळं काही सेकंदांत, गाळलेल्या हवेत आणि हात न लावता. याला ब्लो-फिल-सील म्हणतात, जर्मनीत १९६० च्या दशकात हे सुरू झालं. प्लास्टिक बहुतेक वेळा एलडीपीई नावाचं पॉलिथिन असतं कारण ते मऊ, दोन बोटांत दाबता येतं आणि टोक पिळलं की सहज तुटतं. पण मऊ असण्याची किंमत म्हणजे त्यातून पाण्याची वाफ हळूहळू निसटते आणि बाहेरचे वायू, वास आत शिरतात. मोठ्या बाटलीत थोडं पाणी उडालं तर कळतही नाही, पण ०.४ मिलीत तेवढंच उडालं तर औषध घट्ट होतं. म्हणूनच तुम्ही बघितलं असेल, या नळ्यांवर कागदी लेबल सहसा नसतं, अक्षरं प्लास्टिकमध्येच उठवलेली असतात, कारण शाई आणि गोंदातली द्रव्यं भिंतीतून औषधात उतरू शकतात. आता हीच नळी पर्समध्ये परफ्युम आणि सॅनिटायझरच्या शेजारी ठेवायची का ते तुम्हीच ठरवा.

फॉईलमधला ॲल्युमिनियमचा थर वाफ, हवा आणि उजेड तिन्ही अडवतो. त्यामुळे एका वेळी एकच पाकीट फाडा, पट्टीतून एक नळी तोडा, बाकीच्या परत त्याच पाकिटात, कड दोनदा दुमडून क्लिप लावा, आणि पाकिटावर पेनाने उघडल्याची तारीख लिहा. पाकीट उघडल्यावर बंद नळ्या किती दिवस चालतात हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, कुठे दोन आठवडे, कुठे महिना, ते खोक्यावर किंवा आतल्या कागदावर असतं, तारीखच लिहिली नसेल तर तो आकडा वाचून उपयोग काय. पर्समध्ये न्यायचंच असेल तर दिवसाच्या नळ्या तेवढ्या, त्याच पाकिटात घालून.

प्रश्न : नळ्या मी झिपच्या पिशवीत ठेवतो आणि ओल धरू नये म्हणून आत सिलिका जेलची पुडी टाकतो. बरोबर आहे ना?

पिशवी चालेल, नळ्या आत त्यांच्या फॉईलच्या पाकिटातच असल्या तर, पण पुडी काढा. गोळ्यांना बाहेरच्या ओलाव्यापासून वाचवायचं असतं म्हणून त्यांच्या बाटलीत ती पुडी असते. इथे उलटं आहे, इथे ओलावा म्हणजे औषधातलं पाणीच, आणि पुडी आजूबाजूची हवा कोरडी करत राहिली की नळीच्या भिंतीतून ते पाणी अजून जोरात बाहेर ओढलं जाणार. चांगल्या हेतूने केलेली चूक आहे, आणि हे विचारणारे तुम्ही एकटे नाही.

प्रश्न : मुलाला नेब्युलायझरसाठी औषध दिलंय, डॉक्टरांनी अर्धी नळी सांगितली. उरलेली अर्धी टोपी लावून संध्याकाळी वापरतो.

आधी डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला विचारा की हेच औषध कमी ताकदीच्या नळीत मिळतं का, मिळालं तर प्रश्नच संपतो, कारण अर्धी नळी अंदाजाने ओतणं हीच मुळात कच्ची गोष्ट आहे, मोजायचंच असेल तर सुई नसलेल्या नव्या सिरिंजने मोजावं. उरलेल्याबद्दल औषधागणिक नियम बदलतो. ब्युडेसोनाइड या दम्यावरच्या औषधाच्या काही नळ्यांवर उघडल्यानंतर १२ तासांची मुभा दिलेली असते आणि उजेडापासून जपायला सांगितलेलं असतं, ती उघडी नळी पाकिटात उभी ठेवायची. बाकी बऱ्याच औषधांना अशी मुभा नसते. हे औषध थेट फुप्फुसात जातं, त्यामुळे कागदावर लिहिलेलं नसेल तर ठेवू नका.

प्रश्न : इतकं जपायचं तर मग प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली मोठी बाटलीच का नाही घ्यायची?

घ्या की, डॉक्टर हो म्हणाले तर चांगला पर्याय आहे, फक्त बाटली त्या कामासाठी बनवलेली हवी. अशा बाटल्यांच्या तोंडात खास रचना असते, कुठे आत येणारी हवा ०.२ मायक्रॉन इतक्या बारीक छिद्रांच्या जाळीतून गाळली जाते, कुठे टोकातच स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो जो थेंब पडताक्षणी बंद होतो आणि बाहेरचं काही आत ओढू देत नाही. उघडल्यावर त्यातल्या बऱ्याच काही महिने चालतात, साध्या बाटलीला सहसा चार आठवड्यांचीच मर्यादा असते. रचना नसेल आणि प्रिझर्व्हेटिव्हही पुरेसं नसेल तर काय होऊ शकतं याचं उदाहरण २०२३ मध्ये अमेरिकेत दिसलं, कृत्रिम अश्रूंच्या अशाच बाटल्यांशी जोडलेला स्युडोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग पसरला, ८१ रुग्ण नोंदले गेले, त्यात चौघांचा मृत्यू झाला आणि काहींची दृष्टी गेली. तिथे गडबड बनवतानाच्या स्वच्छतेपासूनच होती, पण मूळ गोष्ट तीच, अनेकदा उघडायच्या बाटलीत जंतूंना अडवणारं काहीतरी असलंच पाहिजे.

प्रश्न : नळीचं टोक तोडल्यावर पहिला थेंब टाकून द्यायचा असं कोणीतरी सांगितलं, खरं का?

हो, चांगली सवय आहे. तोडताना प्लास्टिकचा बारीक कण सुटलेला असला तर तो पहिल्या थेंबाबरोबर निघून जातो. औषध पुरेसं असतंच.

प्रश्न : मी पॅकेजिंग डिझाइन शिकते. अशा नळ्यांसाठी परत बंद होणारं, स्वच्छ राहणारं पाकीट हा माझा प्रोजेक्ट आहे. तुम्ही असता तर काय केलं असतं?

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण इथे काम करण्यासारखं खूप आहे. पहिलं म्हणजे दोन वेगळे प्रश्न वेगळे ठेव, न उघडलेल्या नळ्या जपणं आणि उघडलेली एक नळी काही तास जपणं. बहुतेक डिझाइन इथेच फसतात, एकाच पिशवीत दोन्ही कोंबतात आणि वापरलेल्या नळीचं ओलं टोक नव्या नळ्यांना लागतं.

न उघडलेल्यांसाठी फॉईलचं पाऊच, झिपच्या वर फाडायची रेघ, म्हणजे कोणी आधी उघडलंय का ते कळेल. झिप म्हणजे उष्णतेने लावलेलं सील नव्हे, धूळ आणि हात अडवेल पण वाफ पूर्ण अडवणार नाही, म्हणून पाऊचमध्ये नळ्या कमी ठेव, पाचच, आणि तारीख लिहायला पेन चालेल असा मॅट पट्टा दे. शाई फॉईलच्या बाहेरच राहते त्यामुळे औषधाला धोका नाही.

उघडलेल्या नळीसाठी मी छोटी कडक डबी केली असती, जिच्यात नळी उभी राहते आणि टोक कशालाच टेकत नाही. पण सांभाळ, ओलसर राहणारी डबी स्वतःच जंतूंचं घर होते, कॉन्टॅक्ट लेन्सच्या डब्यांचा अनुभव हाच आहे, तेव्हा ती एक तर धुऊन कोरडी करता यावी, आत कोपरे नकोत, किंवा पॅकबरोबर नवीन यावी. टोपीचा आतला भाग उघडताना बोटाला लागू नये याचाही विचार कर, उलटी करून बसवायची टोपी माणूस नेमकी आतल्या बाजूने धरतो. आणि शेवटी तुझा नमुना संधिवाताने बोटं दुखणाऱ्या एखाद्या आजीच्या हातात दे आणि काही न बोलता बघत बस. तिला झिप उघडता आली नाही तर ती कात्रीने कापणार, आणि तुझं सगळं परत बंद होणं तिथेच संपणार.

प्रश्न : नळीवरची उठवलेली अक्षरं बाबांना वाचताच येत नाहीत. घरात सलाईनच्या, नेब्युलायझरच्या आणि डोळ्यांच्या नळ्या सगळ्या सारख्याच दिसतात.

मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका मारा, सावली पडते आणि अक्षरं वर येतात. पण रोज हे करण्यापेक्षा प्रत्येक प्रकार आपापल्या पाकिटात आणि वेगवेगळ्या जागी ठेवा, पाकिटावर मोठ्या अक्षरात डोळे, नेब्युलायझर असं लिहा, आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब त्या खणात चुकूनही नको, ड्रॉप्स समजून ती डोळ्यात टाकल्याच्या घटना खरोखर घडलेल्या आहेत. चुकीचं काहीही डोळ्यात गेलं तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धूत राहा, पापण्या चिकटल्या असतील तर ओढू नका, आणि डॉक्टरकडे जाताना ती नळी किंवा ट्यूब बरोबर घ्या.