आधार मोजायचा कसा?

प्रश्न : जवळची माणसं असली की टेन्शनचा त्रास कमी होतो असं सगळेच म्हणतात. पण आधार काय मोजायची गोष्ट आहे का? माझ्या फोनमध्ये सातशे नंबर आहेत, तरी रात्री झोप येत नाही. मग हे संशोधनवाले मोजतात तरी काय?

उत्तर : सातशे राहू द्या हो, त्यातला रात्री दोनला फोन उचलणारा कोण तेवढं सांगा! चेष्टा नाही करत, साधारण हेच विचारतात. 1988 सालची एक प्रश्नावली खूप वापरली जाते, फक्त 12 वाक्यं, घरचे, मित्र आणि एखादं खास माणूस यांच्याबद्दल, प्रत्येकाला 1 ते 7 मार्क द्यायचे. म्हणजे मदत किती मिळाली हे नाही, लागली तर मिळेल असं तुम्हाला किती वाटतं ते मोजतात. मिळालेली मदत मोजायला गेलं की घोळ होतो, कारण ज्याच्यावर संकट मोठं त्यालाच मदत जास्त मिळते, आणि मग नुसते आकडे बघितले तर वाटतं मदतीनेच माणूस खचला की काय.

आता खरी गोम. आधार स्ट्रेसपासून वाचवतो असं म्हणायचं तर स्ट्रेसही वेगळा मोजावा लागतो. सगळं सुरळीत चाललंय तेव्हा आधारवाले आणि बिनआधारवाले सारखेच दिसतात, टेन्शन वाढलं की दोघांतलं अंतर वाढत जातं, ते अंतर दिसलं तरच आधार ढालीसारखा काम करतोय म्हणायचं. शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये तोवरचे अभ्यास तपासले तेव्हा हा ढालीचा परिणाम 'गरजेला माणूस आहे' या भावनेत दिसला. ओळखीपाळखी, गोतावळा यांचाही फायदा होतो, पण तो टेन्शन असो नसो, एरवीही होतो. तुमचे सातशे नंबर फार तर त्या खात्यात.

तरी प्रश्नावलीत एक लोचा आहेच, आनंदी माणसाला सगळे आपलेच वाटतात. म्हणून लॅबमध्ये लोकांना परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी हिशेब करायला लावतात आणि थुंकीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे टेन्शन आलं की वाढणारं हार्मोन, मोजतात. 1995 च्या अशा एका प्रयोगात तयारीच्या वेळी जोडीदार सोबत दिला, तर पुरुषांचं कॉर्टिसॉल कमी वाढलं, बायकांचं उलट थोडं जास्तच! यावर पुढच्या अंकासाठी ढीगभर पत्रं येणार, माहितीये.