घराच्या घड्याळात मॅरेथॉनचा सराव

प्रश्न : मी 39 वर्षांचा असून सोलापुरातील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत नोकरीस आहे. पत्नी मोहोळ तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि आम्हाला नऊ व चार वर्षांची दोन मुले आहेत. मी आतापर्यंत काही अर्धमॅरेथॉन धावलो असून येत्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावण्याचे ठरवले आहे. इंटरनेटवरून घेतलेल्या वेळापत्रकानुसार आठवड्यातून पाच दिवस धावायचे आहे आणि आठवड्याचे अंतर पुढे 70 किलोमीटरपर्यंत जाते. त्यासाठी मी पहाटे चारला उठतो, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत अकरा वाजून जातात. शाखेत बसल्याबसल्या डोळे मिटू लागतात. पत्नी म्हणते, "रविवार तुमचा आणि बाकीचे सहा दिवस माझे, असे किती दिवस चालायचे?" नोकरी आणि मुले सांभाळून मॅरेथॉन धावणे शक्य असते का, की हा नाद सोडून द्यावा?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाद सोडण्याचे कारण नाही, ते वेळापत्रक मात्र आजच सोडावे. ते ज्याने आखले त्याच्यासमोर शाळेची बस, डबे आणि नळाला पाणी येण्याचा दिवस यांपैकी काहीही नव्हते. आपल्या घरात ही सगळी कामे कोणीतरी करतच असते, आणि आपल्या पत्रावरून दिसते की सध्या ती बहुतांशी पत्नी करते. त्यामुळे सरावाला किती तास हवेत हा प्रश्न दुसरा आहे. ते तास कोणाकडून घेतले जात आहेत, हा पहिला.

आज आपण ते दोन ठिकाणांहून घेत आहात. एक म्हणजे स्वतःची झोप. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते आणि आपल्याला पाचही मिळत नाहीत. धावण्याने शरीर थकते. ते सुधारते नंतरच्या विश्रांतीत, आणि त्या विश्रांतीतला मोठा वाटा गाढ झोपेचा असतो. झोप कापून केलेल्या सरावातून थकवा पूर्ण पदरात पडतो आणि लाभ अर्धाच मिळतो. शिवाय सर्दी-पडसे, पोटरी व गुडघ्याच्या दुखापती मागे लागतात. म्हणून पहाटेचा गजर लावण्याआधी रात्रीची वेळ ठरवावी. पाचला धावायला निघायचे असेल, तर पावणेदहाला दिवा मालवलेला असावा आणि त्यासाठी आठपर्यंत घरातील जेवणे उरकलेली असावीत. हे जमत नसलेल्या आठवड्यात एक दिवस कमी धावावे, पण झोपेला हात लावू नये.

दुसरे ठिकाण म्हणजे पत्नीचा वेळ. येथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण धावणाऱ्यांच्या ती सहसा लक्षात येत नाही. रविवारची लांब धाव तीन तासांत संपते, असे आपण मोजतो. घर मात्र ती सहा-सात तासांची मोजते, कारण परत आलेला माणूस न्याहारी करून जो आडवा होतो तो दुपारपर्यंत कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही. यावर उपाय आहे आणि तो वेगात दडलेला आहे. स्टीफन सायलर या व्यायामशास्त्रज्ञांनी उत्तम दर्जाच्या धावपटूंच्या आणि इतर सहनशक्तीच्या खेळांतील खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची साधारण 80 टक्के सत्रे हलक्या श्रमाची असल्याचे दिसले. हौशी धावपटू नेमके याच्या उलट करतो. वेळ कमी म्हणून प्रत्येक वेळी जोर लावतो. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतक्याच वेगाने लांब धाव घ्यावी. मग आपण घरी परतता तेव्हा थकलेले असता, पण गळून गेलेले नसता, आणि मुलांना घेऊन बाजारात जाण्याइतके त्राण उरते.

आठवड्यात चार धावा पुरेत. दोन दिवस 45 ते 50 मिनिटांची सहज धाव. एक दिवस अंग गरम झाल्यावर मधली 20 ते 25 मिनिटे जरा कष्टाच्या पण सांभाळता येणाऱ्या वेगाने. आणि एक लांब धाव. हे सगळे मिळून पाच-सहा तास होतात, अंतर 45 ते 50 किलोमीटर भरते, आणि पहिली मॅरेथॉन न कोसळता पूर्ण करण्यास तेवढे बळ पुरते. यापेक्षा कितीतरी वरच्या पातळीवरचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. जपानचे युकी कावाउची 2018 मध्ये थंडी, वारा आणि पावसात झालेली बोस्टन मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटे 58 सेकंदांत जिंकले, तेव्हा ते सैतामा प्रांतातील एका सरकारी शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करत होते. व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा धावतात. कावाउची कामाच्या दिवशी एकदाच धावत आणि लांब पल्ला सुट्टीच्या दिवसासाठी ठेवत. त्यांचे पाय आपल्याकडे नसतील, परंतु त्यांनी सराव नोकरीच्या मापाने बेतला, ही रीत घेण्यासारखी आहे.

आपल्या नोकरीत तर एक सोय आधीच आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, पत्नीची शाळा मात्र त्या दिवशी सकाळची असते. ते दोन शनिवार संपूर्ण घर आपल्याकडे घ्यावे : मुलांचे आवरणे, स्वयंपाक, कपडे, पाणी भरणे, सर्व काही, आणि तेही पत्नीला काय कुठे ठेवले आहे हे विचारण्यासाठी फोन न करता. त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या रविवारी आपली मोठी धाव. उरलेल्या रविवारी दीड तासाची छोटी धाव घेऊन साडेसहाच्या आत घरी यावे आणि उरलेला दिवस घराचा समजावा. मोठी धाव साधारण पंधरवड्याने येते म्हणून काही बिघडत नाही. उलट चाळिशीकडे झुकलेल्या शरीराला मधला आठवडा सावरायला मिळतो. ही धाव किलोमीटरमध्ये न मोजता वेळात मोजावी. सप्टेंबरमध्ये पावणेदोन तासांपासून सुरुवात करून डिसेंबरपर्यंत तीन तासांपर्यंत, फार तर सव्वातीनपर्यंत न्यावी.

आपल्या गावाच्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये सोलापूर पुन्हा तापते. त्या महिन्यात विजापूर रस्त्याने किंवा होटगी रस्त्याने जायचे असल्यास उजाडण्यापूर्वी निघावे, अंगावर चमकणारी पट्टी असलेले जॅकेट असावे आणि येणारी वाहने समोर दिसतील अशा बाजूने धावावे. वाढत्या उष्म्याशी जुळवून घ्यायला शरीराला 10 ते 14 दिवस लागतात, तेवढे दिवस वेगाचा विचार करू नये. मुंबईची अडचण वेगळी आहे. आपण कोरड्या हवेत धावतो, तेथे घाम वाळून अंग थंड होते. समुद्रकाठच्या दमट हवेत तो निथळतो पण वाळत नाही, म्हणून जानेवारी असूनही तेथे नेहमीपेक्षा सावकाश सुरुवात करावी. दीड तासापेक्षा लांब धावेत दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. खजूर, केळे, गूळ आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी यांवर ते सहज भागते. नुसते पाणी मात्र ढसाढसा पिऊ नये, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

मूल रात्रभर तापाने फणफणले असेल, तर सकाळी धावू नये आणि बुडालेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढण्याचा प्रयत्नही करू नये. ती गेली, असे समजून पुढच्या ठरलेल्या दिवशी निघावे. नळाला पाणी येण्याचा दिवस मध्येच आला, तर सहज धाव मागेपुढे करावी. शर्यतीपूर्वीचे शेवटचे तीन आठवडे सराव उतरता असतो. सुदैवाने तिमाहीअखेरीचे काम आणि सिद्धेश्वर महाराजांची गड्ड्याची यात्रा त्याच सुमारास येतात. मुलांना यात्रेला अवश्य न्यावे. फक्त शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांत होम मैदानावर तासन्‌तास उभे राहण्याचे टाळावे.

दोन गोष्टी उरल्या. वय 39 आहे, म्हणून सरावाचे अंतर वाढवण्यापूर्वी रक्तदाब, रक्तातील साखर आणि ईसीजी तपासून घ्यावा. धावताना छातीत दडपण किंवा चक्कर जाणवल्यास तेथेच थांबून डॉक्टरांकडे जावे. आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सव्वादोन तासांची सहज धाव झाल्यावर दुपारी नेहमीसारखे वावरता येत नसेल, तर या वर्षी पूर्ण मॅरेथॉनचा आग्रह सोडावा. पुढच्या वर्षी धाकटे मूल पाच वर्षांचे असेल, आणि घरातला एक-एक तास तेवढाच मोकळा होत जाईल.

प्रश्न : मी 34 वर्षांची परिचारिका असून माझी ड्यूटी दर आठवड्याला बदलते. पती नोकरीनिमित्त पुण्यात असतात. सहा वर्षांच्या मुलीला सासूबाई सांभाळतात. मी दहा किलोमीटर धावू शकते आणि अर्धमॅरेथॉनची तयारी करायची आहे. रात्रपाळी संपवून थेट मैदानावर गेले तर चालेल का?
— एक वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर : रात्रपाळीनंतर आधी घरी जाऊन झोपावे. जागरणानंतर सावधपणा आणि पावलांचा तोल दोन्ही कमी झालेले असतात, आणि त्या अवस्थेत सकाळच्या वाहतुकीत धावणे मला सुरक्षित वाटत नाही. रात्रपाळीचा आठवडा हा हलका आठवडा धरावा : झोप झाल्यावर संध्याकाळी अर्धा तास सहज धाव, तीही दोनच दिवस, आणि घरातच 20 मिनिटे उठाबशा, पायऱ्या चढणे व टाचा उचलण्याचे व्यायाम. वेगाची आणि लांब धाव सकाळच्या किंवा दुपारच्या पाळीच्या आठवड्यांत ठेवावी. एका आठवड्यात धावा कमी झाल्या म्हणून तयारी वाया जात नाही. आठवड्याऐवजी तीन आठवड्यांचा एक फेरा मानून आखणी केली, तर मनावरचे दडपण उतरते.

सासूबाई आधीच आपल्या ड्यूटीचे तास सांभाळत आहेत, म्हणून आठवड्यातील एक धाव मुलीला सोबत नेऊन करावी. मैदानावर मूल डोळ्यांसमोर खेळत असताना आईने कडेने फेऱ्या मारणे सहज जमते, आणि तेवढा वेळ सासूबाईंनाही मिळतो. एकटीने धावताना वर्दळ असलेली जागाच निवडावी.

आपण स्वतः परिचारिका आहात, तरी आठवण करून देतो : हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. धावताना लवकर धाप लागते याचे खापर अनेक जणी सरावाच्या अभावावर फोडतात, प्रत्यक्षात लोह कमी असते. भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी हे आपले जेवण चांगलेच आहे. त्यावर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये.

प्रश्न : माझा 11 वर्षांचा मुलगा माझ्यासोबत अर्धमॅरेथॉन धावण्याचा हट्ट धरतो. त्याला तयार करावे का?
— एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : नाही. या वयात हाडांची टोके वाढीच्या अवस्थेत असतात आणि एकाच प्रकारच्या सततच्या ताणाने टाच व गुडघ्याजवळ दुखणी सुरू होतात. लांब धावेत उन्हाचाही त्रास होतो. पूर्ण मॅरेथॉनसाठी बहुतेक मोठ्या शर्यतींत वयाची किमान अट 18 वर्षांची असते, ती उगाच नाही. त्याला दोन-तीन किलोमीटरच्या मुलांच्या धावेत जरूर उतरवावे, कबड्डी, खो-खो, पोहणे असे निरनिराळे खेळ खेळू द्यावेत, आणि रविवारी आपल्या धावेचा शेवटचा एक किलोमीटर त्याच्यासाठी राखून ठेवावा. त्या किलोमीटरचा वेग मात्र त्याला ठरवू द्यावा.