वाचकांचे प्रश्न : जुन्या तलवारीची मूठ हलतेय, काय करू?

प्रश्न : आमच्या घरात परेडची एक जुनी तलवार आहे, पणजोबांच्या वेळची. पात्यावर नक्षी, पितळी परज (मूठ आणि पातं यांच्यामधली हाताची आड), मुठीला काळं कातडं आणि त्यावर पितळी तार गुंडाळलेली. हल्ली मूठ हलायला लागलीय, तलवार हातात घेतली की टकटक वाजतं. एक ओळखीचे म्हणाले फटीत इपॉक्सी गोंद सोडा, दुसरे म्हणाले मुठीच्या टोकावरच्या गोळ्यावर हातोडीचे दोन ठोके मारा. कुणाचं ऐकू?

उत्तर : कुणाचंच नको. आणि घाईही नको, कारण हलणारी मूठ वर्षभर तशीच राहिली तरी फार काही बिघडत नाही (फक्त कुणाला ती उपसून फिरवायला देऊ नका), पण चुकीची दुरुस्ती एका दुपारीत कायमचं नुकसान करते.

आधी आत काय आहे ते बघा. या प्रकारच्या तलवारीत पात्याचं पोलाद मुठीत बारीक होत जातं, लाकडाच्या गाभ्यातून आरपार वर जातं आणि गोळ्याच्या डोक्यावर एकतर ठोकून रिव्हेटसारखं पसरवलेलं असतं नाहीतर नटने आवळलेलं असतं. म्हणजे परज, लाकूड, गोळा हे सगळं एकावर एक दाबून बसवलेलं. आता लाकूड कोरड्या हवेत आकसतं, परजेपाशी चामड्याचा वॉशर असेल तर तो कुजून चुरा होतो, आणि तेवढीशी जागा सुटली की टकटक सुरू. बहुतेक वेळा तुटलेलं काहीच नसतं.

पण खात्री करून घ्या. पातं जाड कापडात गुंडाळून कुणालातरी घट्ट धरायला सांगा, आणि तुम्ही मूठ अगदी हलक्या हाताने फिरवून बघा. परज आणि गोळा जागेवर राहून नुसती मधली मूठ फिरत असेल तर लाकूड आकसलंय, ते घरी निभावतं. सगळंच एकत्र पात्यावर हलत असेल तर वरचा नट किंवा रिव्हेट सैल झालाय. आणि मूठ पात्याच्या रेषेतून बाजूला कलत असेल, तर तिथेच थांबा. आतलं पोलाद गंजून चिरलेलं असू शकतं, ते बाहेरून दिसत नाही, एक्स-रे काढल्यावर कळतं, आणि ते काम संग्रहालयातल्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचंच.

नट असेल तर मऊ चामड्याचा तुकडा मध्ये धरून पाव फेरा आवळा आणि बघा. जोर लावाल तर जुनं लाकूड उभं चिरेल. रिव्हेट असेल तर तो घासून उघडायचा नाही म्हणजे नाही! घासलेलं पोलाद परत येत नाही, पुन्हा ठोकायला लांबीच उरत नाही. हातोडी का नको तेही यातच आलं, एकतर गोळ्यावर सोन्याचा मुलामा असेल तर तो चेपतो, आणि दुसरं म्हणजे ठोक्याचा धक्का पातं जिथे बारीक होतं नेमका तिथे जाऊन बसतो, चीर पडायची जागाही तीच.

मग करायचं काय, तर परज आणि मूठ यांच्यामधल्या फटीत पातळ चामड्याच्या किंवा लाकडाच्या सालपटासारख्या चकत्या बांबूच्या बोथट काडीने हळूहळू सरकवायच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या, मूठ हलायची थांबेपर्यंत. गोंद लागतच नाही, दाबानेच धरतं. उद्या कुणाला काढाव्याशा वाटल्या तर चिमट्याने निघतात, आणि माझ्या मते जुन्या वस्तूच्या दुरुस्तीची खरी परीक्षा हीच आहे. इपॉक्सी इथेच नापास होतं. ते लाकडात मुरतं, पोलादाला चिकटतं, आणि पुढच्या माणसाला ते काढायला इतकी उष्णता द्यावी लागते की कातडं जळून जातं. चिकटवणं अगदीच गरजेचं असेल तर लाकडाला सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद) चालतो, ऊब आणि ओल दिली की सुटतो. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचं अ‍ॅक्रिलिक रेझिन वापरतात, ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, मात्र अ‍ॅसिटोन पितळेवरचं जुनं लॅकरही (वरचा पारदर्शक लेप) उचलतं तेव्हा जपून.

काम करताना हातमोजे घाला, बोटांच्या घामातलं मीठ पोलादावर गंजाचे ठसे उठवतं. फटीत तेलाचा स्प्रे मारू नका, कातड्यात डाग मुरतो. आणि पितळी पॉलिशचा मोह नको, त्यात घासणारी पूड असते, मुलामा पातळ असतो, चमक येते ती सोनं जाऊन येते.

प्रश्न : माझी तलवार पूर्ण लोखंडी मुठीची आहे, वर गोल चकती. मूठ पात्यावरून जवळजवळ निघूनच आली आणि आतून काळा भुगा पडला. तो साफ करून टाकू का?

उत्तर : टाकू नका, तो कचरा नाही. तुमच्या वर्णनावरून ही भारतीय पद्धतीची तलवार दिसते. यात पात्याचं शेपूट आखूड असतं आणि पोकळ मुठीत राळ किंवा लाखेच्या मसाल्याने बसवलेलं असतं. तो मसाला म्हातारा होऊन ठिसूळ झालाय, इतकंच. भुगा पाकिटात भरून जपून ठेवा, मुठीत भरून, तापवून मऊ केला की तो परत वापरता येतो. लाख ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते आणि पात्याचं पाणी (तापवून दिलेला कडकपणा) उतरायला साधारण २०० अंशांच्या पुढे जावं लागतं, म्हणजे मधे जागा भरपूर आहे, पण गॅसच्या ज्योतीवर ती क्षणात ओलांडली जाते. शिवाय मुठीवर सोन्याचांदीचं कोफ्तगरी काम असेल तर ते नुसतं खरवडलेल्या लोखंडावर ठोकून बसवलेलं असतं, जास्त तापलं की सुटू शकतं. म्हणून गरम हवेने, फक्त मूठच, सावकाश तापवायची. पातं सरळ बसलं की पूर्ण गार होईपर्यंत हलवायचं नाही. नक्षी भारी असेल तर हे जाणकाराकडेच द्या.

प्रश्न : जपानी तलवारीची मूठ सैल आहे, आडवी बांबूची खुंटी हलते.

उत्तर : खुंटी बदला, ती बदलण्यासाठीच असते. नीट वाळलेल्या बांबूची, घट्ट बसणारी. पातं बाहेर काढलंच तर मुठीतल्या भागावरचा काळपट गंज मात्र अजिबात घासू नका, तलवारीचं वय आणि कारागीर जाणकार त्यावरूनच ओळखतात.