स्टायलसने लिहिलेलं मराठी माझं ॲप चुकीचं का ओळखतं?

तुमचा प्रश्न असा आहे: अँड्रॉइड ॲपमध्ये कॅनव्हासवर (लिहिण्याच्या जागेवर) स्टायलसने लिहिलेलं मराठी तुम्ही बिटमॅप, म्हणजे चित्र, करून ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीला) देताय. छापील मजकूर बरा ओळखला जातो, हाताने लिहिलेल्याचा मात्र पार विचका होतो. मग काय बदलायचं?

बिटमॅप करणंच बंद करा. स्क्रीनवर लिहिताना कुठला स्ट्रोक (पेन टेकल्यापासून उचलेपर्यंतची रेघ) आधी झाला, कुठला नंतर, पेन कुठून कुठे आणि किती वेळात गेलं, हे सगळं तुमच्याकडे आयतं येत असतं. चित्र केलं की ते सगळं हातचं जातं. गूगलच्या एमएल किट या ॲपसाठीच्या साधनसंचातलं डिजिटल इंक रेकग्निशन नेमकी हीच माहिती मागतं: प्रत्येक बिंदूचे एक्स, वाय आणि मिलिसेकंदातली वेळ. ओळखण्याचं काम फोनवरच होतं. नेट लागतं ते एकदा त्या भाषेचं ओळखणारं मॉडेल उतरवायला, साधारण २० एमबी. मॉडेल उतरलंय याची खात्री करूनच लिहायला द्या, आणि मराठीचंच घ्या. लिपी एकच म्हणून हिंदीच्या मॉडेलवर भागवलं, तर ते हिंदी शब्दांकडे झुकतं.

बिंदू गोळा करताना एक चूक सर्रास होते. अँड्रॉइड एका फ्रेममधले बरेच बिंदू एकाच मोशन इव्हेंटमध्ये (पेनच्या हालचालीच्या एका सूचनेत) बांधून पाठवतं. तुम्ही फक्त शेवटचा एक्स-वाय उचललात, तर भरभर लिहिणाऱ्याच्या अक्षरांची वळणं कापली जातात. आधी इव्हेंटमधले हिस्टॉरिकल, म्हणजे त्याआधीचे, बिंदू त्यांच्या वेळांसह घ्या, मग चालू बिंदू. वेळ इव्हेंटचीच वापरा. मध्येच घड्याळाची वेळ मिसळली तर क्रम उलटासुलटा होतो. ‘कॅन्सल’ इव्हेंट आला तर तो स्ट्रोक टाकून द्या, बहुतेकदा तो टेकलेला तळहात असतो. दिसायला छान म्हणून रेघ गुळगुळीत करत असाल तर ती फक्त स्क्रीनवर. रेकग्नायझरला, म्हणजे अक्षरं ओळखणाऱ्या मॉडेलला, कच्चे बिंदूच द्या.

आता खरी अडचण. बहुतेक नमुना-कोड इंग्रजी लिहिणारा डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात: पेन उचललं, थोडा वेळ थांबलं, ओळखलं, कॅनव्हास साफ. मराठीत हे चालत नाही. आपण अक्षरं आधी लिहितो, शिरोरेघ मागाहून ओढतो, आणि अनुस्वार, मात्रा कधीकधी त्याच्याही नंतर देतो. कुणी ‘मुंबई’ लिहितंय असं धरा. ‘मुबई’ झालं, शिरोरेघ झाली, हात क्षणभर थांबला, तेवढ्यात तुमच्या टायमरने शब्द कापला. मग दिलेला अनुस्वार एकटाच रेकग्नायझरकडे जातो आणि तुम्हाला ‘मुबई.’ मिळतं. शिरोरेघेच्या आधीच कापलं तर ती रेघ डॅश होऊन येते. दोष मॉडेलचा नाही, कापण्याचा आहे.

टायमर वाढवून हे थोडं सुधारतं. पेन उचलल्यावर ८०० ते १००० मिलिसेकंद ठेवा आणि पेन पुन्हा टेकलं की टायमर रद्द करा. पण माझं स्पष्ट मत आहे की टायमरने मजकूर पक्का करूच नये. टायमर संपला की त्या ओळीची आतापर्यंतची सगळी शाई पुन्हा ओळखायला द्या आणि आलेला मजकूर तात्पुरता म्हणून दाखवा. ओळ बदलली किंवा बटण दाबलं की मगच पक्का. उत्तरं असिंक्रोनस, म्हणजे मागितल्याच्या क्रमाने न थांबता जमेल तेव्हा, येतात, म्हणून प्रत्येक विनंतीला क्रमांक द्या. नव्या उत्तरानंतर जुनं पोहोचलं तर ते सोडून द्या. पक्क्या झालेल्या शब्दाचे स्ट्रोक आणि त्यांची चौकटही जपून ठेवा. नवा टिंब त्या चौकटीच्या वर किंवा आत पडला, तर तो शब्द पुन्हा उघडा, स्ट्रोक शेवटी जोडा आणि पूर्ण शब्द नव्याने ओळखा. जोडताना काळाचाच क्रम ठेवा, डावीकडून उजवीकडे लावू नका.

सोबत दोन गोष्टी जरूर द्या. एक, रायटिंग एरिया, म्हणजे लिहिण्याच्या जागेची रुंदी-उंची: कॅनव्हासवर अनेक ओळी मावत असल्या तरी उंची एका ओळीची द्या, आणि एकक बिंदूंच्या एक्स-वायचंच ठेवा. दुसरी, प्री-कॉन्टेक्स्ट, म्हणजे कर्सरच्या आधीची २० पर्यंत अक्षरं. जागा सोडणं पेनने लिहिता येत नाही. मागचा मजकूर दिला तर मॉडेल गरजेप्रमाणे पुढच्या शब्दाआधी स्पेस घालून देतं. तो स्पेस ट्रिम करू नका.

उत्तरात अनेक पर्याय येतात. पहिला वापरा, पुढचे दोन-तीन सुचवणीत दाखवा. पर्यायासोबत येणाऱ्या स्कोअरवर (गुणांवर) गाळणी लावायची असेल तर सांभाळून: काही मॉडेल तो देतच नाहीत, आणि जिथे असतो तिथे कमी आकडा म्हणजे जास्त शक्यता.

मिळालेला मजकूर साठवण्याआधी एनएफसीमध्ये (युनिकोडच्या एका ठरावीक, एकसारख्या रूपात) आणा, पण ‘अदृश्य अक्षरं काढा’ असला सरसकट फिल्टर लावू नका. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य जोडचिन्ह). दुसऱ्या प्रकारातला झेडडब्ल्यूजे उडाला की डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, आणि स्पेलचेकरला त्यात काही वावगं दिसत नाही. एनएफसी हे दोन प्रकार एक करत नाही. शोधासाठी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे ही जोडी ऱ-हलन्तमध्ये तुम्हालाच बदलावी लागेल.

तपासणीसाठी मूळ स्ट्रोक वेळांसह जेसनमध्ये (माहिती साठवायच्या एका मजकूर-फाइलीत) साठवा आणि तेच पुन्हा चालवून बघा. शिरोरेघ देणारे, न देणारे आणि प्रत्येक अक्षरावर वेगळी देणारे, असे तिन्ही प्रकारचे लिहिणारे त्यात हवेत.