अठरा हजारांचा टॅकोमीटर की नऊशेचा?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र लांबलचक आहे, म्हणून त्यातला हिशेब आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. कुडाळजवळ रस्त्याला लागून तुमचा दुरुस्तीचा गाळा आहे. ब्रश कटर, चेनसॉ, पॉवर स्प्रेअर, पाण्याचे पंप, अधूनमधून एखादा जनरेटर. जून ते ऑक्टोबर कामाची झुंबड असते. या पाच महिन्यांत साधारण १०० दिवस गाळा जोरात चालतो आणि दिवसाला चारेक मशीन येतात. त्यातल्या निम्म्यांचं कार्बोरेटर सेटिंग, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण जुळवणं, करावं लागतं आणि ते आजवर तुम्ही कानाने करत आलात. गेल्या हंगामात दोन मशीन सेटिंग करून दिल्यावर पंधरवड्यातच पिस्टन जाम होऊन परत आली. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून पिस्टनचं किट तुम्ही स्वतःच्या खर्चाने टाकलं आणि ५,८०० रुपये गेले. आता विक्रेता म्हणतो, १८,५०० रुपयांचा बिनवायरचा टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे मोजणारा मीटर घ्या, असले प्रकार बंद होतील, हवं तर बिनव्याजी हप्ते करून देतो, ऑफर रविवारपर्यंतच. ऑनलाइन मात्र वायर गुंडाळायचा मीटर ९०० रुपयांना दिसतो आणि लेझरचा १,२०० ला. हंगामाच्या मालासाठी बाजूला ठेवलेले ३०,००० रुपये हातात आहेत. काय करू, असा तुमचा प्रश्न आहे.

९०० चा घ्या. १८,५०० चा या वर्षी नको. आता कारणं सांगतो, कारण विक्रेत्यासमोर उभं राहिल्यावर तीच उपयोगी पडतात.

दोन्ही मीटर मोजतात एकच गोष्ट: प्लगच्या वायरमधून जाणारे ठिणगीचे ठोके. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते, तेव्हा मिनिटाला ठोके किती तेवढेच आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे. महागडा मीटर ते दोन वीत अंतरावरून पकडतो, स्वस्ताला त्याची बारीक वायर प्लगच्या वायरीभोवती चार-पाच वेढे देऊन गुंडाळावी लागते. महागड्याचा आकडा पटापट बदलतो, स्वस्ताचा थोडा रेंगाळतो. म्हणजे वरचे १७,६०० रुपये अचूकपणासाठी नाहीत, सोयीसाठी आहेत.

सोयीला किंमत असते, नाही असं नाही. ती मोजून बघू. वायर गुंडाळणं-सोडवणं यात मशीनमागे तीन मिनिटं जास्तीची गेली असं धरा. दिवसाला दोन सेटिंग, १०० दिवस, म्हणजे २०० सेटिंग आणि ६०० मिनिटं. दहा तास झाले. तुमची मजुरी तासाला २५० रुपये पडते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे पूर्ण हंगामात वाचणार अडीच हजार. या हिशेबाने वरचे १७,६०० वसूल व्हायला सात पावसाळे लागतील, तेही मीटर सात वर्षं गाळ्यातल्या पेट्रोल-ऑइलच्या हातांत टिकला तर.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची. तेच १७,६०० मालात घातले तर? पार्टवर २० टक्के सुटतात आणि हंगामात माल दोनदा फिरतो, हेही तुमच्याच पत्रातलं. तसं असेल तर सात हजारांच्या आसपास सुटतात आणि मुद्दल जागेवर राहतं. डायफ्रॅम, प्रायमर, पेट्रोलची नळी, स्टार्टरची दोरी, नायलॉनचं हेड या किरकोळ वस्तू नाहीत म्हणून जुलैत ‘परवा या’ म्हणायची पाळी आली, तर गिऱ्हाईक परवा येत नाही, कणकवलीला जातं. ३०,००० मधून साडेअठरा काढलेत तर मालाला उरतात साडेअकरा. ऐन हंगामाच्या तोंडावर भांडवल अवजारात अडकवणं मला पटत नाही.

आता विक्रेत्याच्या मुख्य दाव्याकडे येऊ: मीटर असता तर ते दोन पिस्टन वाचले असते. वाचले असते कदाचित. पण त्याआधी ते जाम का झाले हे शोधलंत का? पत्रात तसं दिसत नाही. हाय स्क्रू (फुल रेसला पेट्रोल किती जावं हे ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू) जास्त आवळला, पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ झालं, तर फेरे वाढतात. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोलबरोबर वंगणही तुटतं आणि पिस्टन धरतो. हे मीटरवर दिसतं. पण मालकाने झाकणाच्या अंदाजाने ऑइल टाकलं असेल तर? ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली आणि २५:१ म्हणजे ४० मिली, इतका फरक ‘थोडंसं ऑइल’ या दोन शब्दांत दडून जातो. क्रँकची सील झिजून हवा ओढत असेल, इनटेकचं रबर चिरलेलं असेल, तर आज गाळ्यात आकडा बरोबर येईल आणि मशीन बागेत तापलं की सगळं बदलेल.

पेट्रोलचाही भाग आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून स्क्रू तिथेच ठेवला तरी मिश्रण आधीपेक्षा पातळ होतं. लहान इंजिनांच्या बऱ्याच पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचीच परवानगी असते. त्यातून कोकणातला पावसाळा. अर्धवट झाकलेल्या कॅनमध्ये पाणी उतरलं की इथेनॉल त्याच्याबरोबर खाली बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर तळाशी पडलेला असतो, तो नेमकं बिनऑइलचं ओढतो. यावर १८ हजारांचा मीटरही काही बोलणार नाही.

म्हणून मीटरमधून वाचलेल्या पैशांतून पहिली खरेदी करा ती हातपंपाच्या प्रेशर-व्हॅक्यूम टेस्टरची. भाव तुम्ही कळवलेला नाही, पण साधा पंप साडेअठराच्या जवळपासही जात नाही. क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीचा इंजिनाचा डबा, बंद करून दाब भरायचा आणि काटा उतरतो का बघायचं. उतरला तर स्क्रूला हात लावायचाच नाही, आधी गळती. पिस्टन जाम होऊन आलेल्या प्रत्येक मशीनवर आणि सेटिंग टिकत नाही अशा मशीनवर हे करा. ५,८०० चं भोक बुजवायचं तर ते इथे बुजेल, असा माझा अंदाज आहे.

लेझरचा मीटर घेऊ नका. तो वाईट नसतो, तुमच्या कामाचा नाही. त्याला फिरत्या भागावर चकाकती पट्टी चिकटवावी लागते आणि चेनसॉचं फ्लायव्हील असतं कव्हरच्या आत. उघडी चेन जोरात फिरत असताना नेम धरायला वाकणं हा तर वेडेपणा. मोबाइलचं ॲप मात्र फुकट आहे, पडताळणीला ठेवा. ते आवाज मोजतं. १३,५०० आरपीएमला टू-स्ट्रोकचा मूळ सूर सेकंदाला २२५ कंपनांचा असतो. शेजारी दुसरं मशीन चालू असलं की ॲप गोंधळतं, म्हणून भरवसा त्याच्यावर नको.

९०० चा घेताना तीन गोष्टी बघा. बॅटरी बदलता येते का; काही मीटर सीलबंद असतात, बॅटरी संपली की टाकून द्यायचे. आकडा १५,००० च्या वर जातो का. काही ९,९९९ वरच थांबतात. आणि ठिणगीचं सेटिंग बदलता येतं का. हे तिसरं फसवतं. फोर-स्ट्रोक म्हटलं की लोक ‘दोन फेऱ्यांना एक ठिणगी’ लावतात, पण फ्लायव्हीलच्या चुंबकावर चालणाऱ्या लहान फोर-स्ट्रोकमध्येही बहुधा प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. सेटिंग चुकलं की आकडा दुप्पट दिसतो आणि माणूस चांगल्या मशीनचे स्क्रू फिरवत बसतो.

मीटर खरा की खोटा हे तपासायला खर्च नाही. दुरुस्तीला आलेला साधा जनरेटर घ्या, इन्व्हर्टरवाला नको. मीटरची वायर त्याच्या प्लगला गुंडाळा आणि मल्टिमीटर हर्ट्झवर लावून आउटपुटला जोडा. असे छोटे जनरेटर ५० हर्ट्झला ३,००० फेरे मारतात. मल्टिमीटर ५१ दाखवत असेल तर टॅकोवर ३,०६० च्या आसपास यायला हवं. आलं तर पैसे वसूल. दोनशे-तीनशेने हलत असेल तर परत पाठवा, ऑनलाइन घेण्याचा तेवढा तरी फायदा.

मीटर आला म्हणून कान बंद करू नका. पुस्तिकेत कमाल १३,००० लिहिलंय असं धरा. मशीन गरम, एअर फिल्टर स्वच्छ, बार-चेन चढवलेली, चेनचा ताण बरोबर. फुल रेस दिली, आकडा स्थिरावेपर्यंत चारपाच सेकंद, १३,९०० आला. हाय स्क्रू जरासा, घड्याळाच्या उलट दिशेने, पुन्हा रेस, १२,८००. थांबा तिथे. बिनभाराची फुल रेस लांबवायची नाही. पण नव्या बऱ्याच चेनसॉंच्या ठिणगी देणाऱ्या कॉइलला मर्यादा घातलेली असते. ठराविक फेऱ्यांच्या वर ती ठिणगीच तोडते. मग मिश्रण कितीही पातळ असो, आकडा तिथेच अडतो आणि आवाजही फुरफुरतो, अगदी जास्त पेट्रोलवर फुरफुरतो तसा. अशा वेळी मर्यादेच्या बऱ्याच खाली आणून बघायचं, आणि लाकडात घातल्यावर फुरफुर जाते का ते ऐकायचं. ते काम कानाचंच.

आणि मोठा मीटर घ्यायचाच झाला तर आधी एक मोजणी करा, एका हंगामाची. आलेल्या मशीनपैकी किती जणांना हाय स्क्रू आहे? अनेक ब्रश कटरना तो नसतोच, फक्त आयडलिंगचा असतो. स्टिल कंपनीचं एम-ट्रॉनिक किंवा हस्कवर्ना कंपनीचं ऑटोट्यून असलेली मशीन मिश्रण स्वतः सांभाळतात. २०० सेटिंगमधली खरी टॅकोची किती, हे वहीत लिहून ठेवा. मला वाटतं निम्मीही निघणार नाहीत. निघाली तर पुन्हा पत्र लिहा, मत बदलीन.

हप्त्यांबद्दल. ‘बिनव्याजी’ या शब्दावर जाऊ नका. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. व्याज प्रोसेसिंग फीमध्ये असतं किंवा रोखीवर न मिळालेल्या सवलतीत. विक्रेत्याला एवढंच विचारा: आज रोख दिले तर कितीला? साडेअठराच्या खाली आला की व्याज सापडलं.

बिल धंद्याच्या नावाने घेतलं तर कर वाचेल का, असं शेवटी विचारलंय. तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरता. त्यात उलाढालीच्या ठराविक टक्क्यांना नफा धरतात, रोखीला ८, बँकेतून आलेल्याला ६. खर्च आणि घसारा त्यातच गेला असं मानलं जातं, तेव्हा मीटरमुळे रुपयाही कमी होणार नाही. शिवाय नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २०२५-२६ पासून कर भरावा लागतच नाही. जीएसटी नोंदणी नसल्याने तीही वजावट नाही. बिल घ्याच, पण वॉरंटीसाठी.

एक काम या हंगामापासूनच सुरू करा. सेटिंग केलेल्या मशीनच्या पावतीवर दोन आकडे लिहा, आयडलिंगचा आणि फुल रेसचा, आणि खाली ‘ऑइल लिटरला इतके मिली’. सेटिंगचे ५० रुपये वेगळे लावा. आकडा दिसला की गिऱ्हाईक ५० ला कुरकुर करत नाही, आणि मशीन परत आलं तर तुमच्या सेटिंगने आलं की त्याच्या मिश्रणाने, हे पावती काढून बघता येतं. हे पैसे गल्ल्यात मिसळू नका, वेगळ्या खात्यात टाका. वहीतली मोजणी माझ्या अंदाजापेक्षा जास्त निघाली, तर मोठ्या मीटरचे पैसे तिथूनच उभे राहतील, मालाच्या ३०,००० ना हात न लावता. विक्रेत्याची ‘रविवारपर्यंतची’ ऑफर रविवारी संपू दे. पाऊस ओसरला की मीटरला मागणी नसते, तेव्हा भावही तोच कमी करील.